ठळक अक्षराचे उत्तरदायित्व : क्लॅरेंडन टाइप आणि संहितासंपादनाचा एक प्रश्न

१

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात ‘संहिता’ ही संज्ञा आता चांगली रुळली आहे. संहितेची रचना, तिच्यातील मौने, तिच्यात एकमेकांना छेद देणारे आवाज, वाचक आणि संहिता यांचा परस्परव्यवहार यांविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र ही संहिता वाचकापुढे ज्या दृश्य रूपात येते, त्या कागदावरील अक्षररूपाची चर्चा क्वचितच होते. हस्तलिखिताच्या बाबतीत असे घडत नाही. लेखनिकाचे वळण, शाईचा रंग, समासातील भर, खोडाखोड यांची नोंद घेतल्याखेरीज पाठचिकित्सक पुढे जात नाही. परंतु तोच ग्रंथ छापला गेला की अक्षर हे केवळ वाहन ठरते आणि वाहनाविषयी बोलण्याचे कारण उरत नाही, असा एक अलिखित संकेत रूढ झालेला दिसतो.

या संकेताची मर्यादा एका छोट्या उदाहरणावरून स्पष्ट होण्यासारखी आहे. ते उदाहरण म्हणजे ठळक टाइप. जुन्या छापखान्यांच्या बोलीत त्याला ‘ब्लॅक’ म्हणत. आता संगणकावर एक कळ दाबली की तो उमटतो. शीर्षक, उपशीर्षक, कोशातील मुखशब्द, नाटकातील पात्राचे नाव, सार्थ आवृत्तीतील मूळ ओवी, पाठ्यपुस्तकातील ‘महत्त्वाचे’ वाक्य या सर्व ठिकाणी तो इतका सवयीचा झाला आहे की त्याला इतिहास असेल असे मनातही येत नाही. आकाशवाणीवरील ज्या बातम्यांना अक्षरच नसते, त्यांनाही मराठी माणूस ‘ठळक बातम्या’ म्हणतो, इतका तो भाषेत मुरला आहे.

वस्तुतः ओळीतल्या ओळीत वापरायच्या ठळक टाइपाला जन्मवर्ष आहे, जन्मस्थान आहे आणि कायद्याने नोंदवलेले नावही आहे. इ. स. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट टाइप फौंड्रीने ‘क्लॅरेंडन’ नावाचे अक्षरवळण बाजारात आणले, तेथे या साधनाला त्याचे निश्चित रूप मिळाले. हे वळण कोणत्या गरजेतून घडले आणि कशासाठी वापरले गेले हे पाहिले, म्हणजे मराठी ग्रंथांच्या संपादनात त्याच साधनाचा जो वापर होतो, त्याचा विचार अधिक जबाबदारीने करता येईल. ठळक अक्षर हे शोधणाऱ्या डोळ्यासाठी घडवले गेले. वाङ्मयकृतीच्या अंगावर ते उमटते तेव्हा ते एक भाष्य असते, आणि भाष्याला भाष्यकार असावा लागतो. या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात एवढेच आहे.

२

क्लॅरेंडन ज्या कुळातील आहे त्या कुळाला ‘स्लॅब सेरिफ’ असे म्हणतात. रोमन अक्षराच्या उभ्या दांड्याच्या टोकाशी जी लहान आडवी रेघ असते तिला सेरिफ ही संज्ञा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दीदो आणि बोदोनी यांनी जी वळणे प्रचारात आणली, त्यांत ही रेघ केसासारखी बारीक होती. उभे दांडे जाड, आडव्या रेघा अतिशय कृश, असा तीव्र विरोध त्यांत होता. गुळगुळीत कागदावर काळजीपूर्वक केलेल्या छपाईत हे वळण देखणे दिसे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लंडनच्या मुद्रणव्यवसायापुढे निराळेच काम आले. लॉटरीच्या जाहिराती, नाटकांची भित्तिपत्रके, व्यापाऱ्यांची सूचनापत्रे रस्त्यारस्त्यांवर चिकटवली जाऊ लागली. अक्षर आता हातातील पुस्तकातून भिंतीवर गेले. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पकडणे हे त्याचे पहिले कर्तव्य झाले.

या गरजेतून प्रथम अतिजाड दांड्यांची अक्षरे आली. पाठोपाठ, १८१५ ते १८१७च्या सुमारास, व्हिन्सेंट फिगिन्स या टाइपकर्त्याच्या नमुनापुस्तकात ‘अँटिक’ या नावाने एक अनोखे वळण दिसू लागले. त्यात सेरिफची बारीक रेघ जाऊन तिच्या जागी दांड्याइतकीच जाड, चौकोनी पट्टी आली. दांडा आणि पट्टी काटकोनात मिळत. दोहोंना सांधणारी वक्ररेषा नव्हती. अक्षर जणू दगडी जोत्यावर उभे असावे तसे दिसे. याच धर्तीच्या अक्षरांना रॉबर्ट थॉर्न याने ‘इजिप्शियन’ हे नाव दिले. नेपोलियनच्या १७९८च्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तविषयी जे वेड पसरले होते, त्याचा या नावाशी संबंध जोडला जातो. अक्षराच्या घडणीत प्राचीन इजिप्तचे काही नव्हते. बाजारात चालणारे नाव बाजारात उभ्या राहणाऱ्या अक्षराला मिळाले, इतकेच.

थॉर्नच्या मृत्यूनंतर १८२० मध्ये त्याची फौंड्री विल्यम थॉरोगुड याने विकत घेतली. त्यासाठीचा पैसा त्याला लॉटरीत मिळाला होता असे सांगतात. ज्या अक्षरकुळाच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत लॉटरीचे व्यापारी होते, त्या कुळाच्या इतिहासात हा योगायोग शोभून दिसतो. पुढे रॉबर्ट बेस्ली या फौंड्रीत भागीदार झाला. तो १८६९ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला, एवढ्यावरून या व्यवसायाची तत्कालीन प्रतिष्ठा ध्यानात यावी.

स्लॅब सेरिफचा पहिला अवतार असा रस्त्यावरचा होता. अमेरिकेत डॅरियस वेल्स याने १८२७च्या सुमारास यंत्राच्या साहाय्याने लाकडी टाइप कोरण्यास आरंभ केला, तेव्हा हा अवतार आणखी भव्य झाला. शिशाचा मोठा खिळा जड आणि महाग पडे. लाकडी टाइप हलका आणि स्वस्त असे. सर्कस, नाटक, लिलाव, फरारी गुन्हेगार या सर्वांची पत्रके त्याच अक्षरांनी सजली. त्यातील काही प्रकारांत पायाची पट्टी दांड्याहूनही जाड केलेली असे. चित्रपटांतून अमेरिकी सरहद्दीचे जे दृश्यचित्र जगभर पोचले, त्यात या अक्षरांचा वाटा आहे.

३

क्लॅरेंडनचे महत्त्व असे की त्याने भिंतीवरच्या या मोठ्या आवाजाला पुस्तकाच्या ओळीत बसवले. बेस्लीच्या देखरेखीखाली बेंजामिन फॉक्स या कारागिराने त्याचे ठसे कोरले. पूर्वीच्या इजिप्शियन वळणातील तीन गोष्टी त्यात बदलल्या. पहिली, दांडा आणि पट्टी यांमधील काटकोन जाऊन तेथे मऊ वक्ररेषेचा सांधा आला. दुसरी, जाड आणि बारीक रेघांतील फरक काही प्रमाणात परत आला. त्यामुळे अक्षर काळे असूनही त्याच्या पोटातील पांढरी जागा बुजली नाही. तिसरी, अक्षराची रुंदी आवळली गेली आणि ते लहान आकारातही सुवाच्य राहील अशी त्याची घडण झाली. रोमन लिपीतील लहान अक्षरांच्या टोकांशी येणारे गोल थेंब हेही त्याचे एक ओळखचिन्ह होय.

हे सर्व बदल एका हेतूने झाले होते. सर्वसाधारण पुस्तकी टाइपाच्या शेजारी, त्याच ओळीत, त्याच पायारेषेवर एखादा शब्द अधिक काळा छापता यावा, हा तो हेतू. त्यापूर्वी इंग्रजी मुद्रकाजवळ उठाव देण्याची साधने निराळी होती : तिरका इटॅलिक टाइप, मोठी अक्षरे, अक्षरांमधील अंतर वाढवणे किंवा जुन्या गॉथिक वळणाचा आश्रय घेणे. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात मुखशब्द मोठ्या अक्षरांत छापले आहेत, ते याच कारणाने. काळेपणातील फरकाचा, म्हणजे मुद्रणाच्या परिभाषेत ‘वजना’चा, पद्धतशीर वापर त्या कोशात नाही. तो रूढ करण्याचे श्रेय क्लॅरेंडनकडे जाते.

ब्रिटनच्या १८४२च्या आलंकारिक आकृतिबंध कायद्याखाली हे वळण नोंदवण्यात आले. संरक्षणाची मुदत तीन वर्षांची होती. ती संपताच इतर फौंड्र्यांनी आपापली क्लॅरेंडन बाजारात आणली आणि थोड्याच काळात हे विशेषनाम सामान्यनाम बनले. इंग्रजी मुद्रकांच्या बोलीत ‘क्लॅरेंडन’ म्हणजे ठळक टाइप असा अर्थ झाला. नावाचा संबंध सामान्यतः ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसशी लावतात. त्या मुद्रणालयाला हे नाव अर्ल ऑफ क्लॅरेंडन याच्यामुळे मिळाले, आणि त्याच्या इतिहासग्रंथाच्या विक्रीतून त्या संस्थेच्या जुन्या इमारतीस साहाय्य झाले होते.

क्लॅरेंडनचा वापर कोठे वाढला हे पाहणे उद्बोधक आहे. कोश, सूची, वेळापत्रके, पाठ्यपुस्तके, जाहिराती. १८८४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊन १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे मुखशब्द क्लॅरेंडन टाइपात आहेत. या यादीतील एकही ग्रंथप्रकार सलग वाचण्यासाठी नसतो. त्यांत वाचक काहीतरी शोधायला येतो, त्याची नजर पानावरून घसरत जाते आणि काळ्या शब्दाशी थांबते. काम झाले की पुस्तक मिटते. क्लॅरेंडनने अशा वाचकाची मोठी सोय केली. ज्ञान शोधण्याचा वेळ कमी करणारे साधन म्हणून ठळक अक्षराचे मोल निर्विवाद आहे, आणि त्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकातील या कुळाची वाटचाल दोन मार्गांनी झाली. एक मार्ग वृत्तपत्रांचा. वेगाने धावणारी यंत्रे आणि हलका कागद यांपुढे केसासारख्या बारीक रेघा टिकत नसत. तेव्हा लिनोटाइप कंपनीने १९२५ मध्ये ‘आयोनिक क्र. ५’ हे वळण आणले. त्याची दणकट पट्टी आणि मोकळी पोटे ही क्लॅरेंडनच्या घराण्याचीच देणगी होय. दुसरा मार्ग अभिकल्पकांचा. मेम्फिस (१९२९), रॉकवेल (१९३४) यांनी काटकोनी पट्टीला भूमितीची शिस्त दिली, तर हेरमान आयडेनबेन्झ याने १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या हास फौंड्रीसाठी क्लॅरेंडनचेच पुनरुज्जीवन केले. टंकलेखनयंत्राचे प्रसिद्ध ‘कूरियर’ वळणही स्लॅब सेरिफच आहे. त्या यंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. अरुंद अक्षराभोवती उरणारी पोकळी रुंद पट्टीने भरून निघते. पट्टी येथे शोभेची राहत नाही, ती रिकाम्या जागेची तजवीज करते.

४

ज्या वर्षी लंडनमध्ये क्लॅरेंडनची नोंदणी झाली, त्याच १८४५ साली मुंबईत बाळशास्त्री जांभेकर यांनी ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित आवृत्ती शिळाछापावर काढली. दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर अंतर स्पष्ट होते. शिळाछापात अक्षर हे लेखनिकाच्या हातचेच राहते. पोथीची परंपरा तेथे यंत्रावर चढते, पण तुटत नाही.

त्या परंपरेत उठाव देण्याची साधने होती आणि ती समृद्ध होती. पुष्पिका, अध्यायसमाप्ती, ‘उवाच’सारखे शब्द, दंड आणि अंक हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहिले जात किंवा त्यांवर गेरूचा हात फिरवला जाई. चुकीच्या अक्षरावर हरताळ लावला जाई. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. मूळ ग्रंथ आणि टीका एकत्र लिहायची असल्यास त्रिपाठी मांडणी होई : मूळ मध्यभागी मोठ्या अक्षरांत, टीका वर आणि खाली बारीक अक्षरांत. म्हणजे उठाव रंगाने, आकाराने आणि स्थानाने दिला जाई. अक्षराचा दांडा जाड करून त्याच ओळीतील एक शब्द पुढे काढण्याची रीत या व्यवस्थेचा भाग नव्हती. बोरूचे टोक एकदा कापले की त्या टोकाची जाडी हीच त्या लेखनाची जाडी असे.

खिळ्यांच्या छपाईतही प्रारंभी या साधनाची निकड नव्हती. मोल्सवर्थच्या १८३१च्या आणि १८५७च्या कोशांत मुखशब्द देवनागरीत आणि विवरण प्रामुख्याने इंग्रजीत आहे. लिपीच्या फरकानेच शब्द डोळ्यांत भरतो. कोश एकभाषी झाला, मुखशब्द आणि अर्थ एकाच लिपीत आले, की मात्र दोहोंना वेगळे करणारे काही तरी हवे असते. विरामचिन्हे, परिच्छेद, तळटीप यांच्याप्रमाणेच इंग्रजी ग्रंथव्यवहारात स्थिरावलेली ठळक टाइपाची रीतही मराठी मुद्रणाने या टप्प्यावर आपलीशी केली.

पण रोमनची सोय देवनागरीत जशीच्या तशी उतरत नाही. रोमनमध्ये सेरिफची आडवी पट्टी प्रत्येक अक्षराच्या टोकाला स्वतंत्र असते. देवनागरीत शिरोरेषा हीच आडवी पट्टी असते आणि ती अख्खा शब्द बांधते. दांडे जाड केले आणि शिरोरेषाही तितकीच जाड केली, तर ओळीवर काळा पट्टा पसरतो. शिरोरेषा बारीक ठेवावी तर शब्दाचे छप्पर कमकुवत दिसते. क्ष, झ, ह, ळ यांसारख्या अक्षरांची पोटे आणि जोडाक्षरांतील फटी आधीच लहान. वजन वाढले की त्या बुजतात. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार आणि ऋकार असल्याने अक्षराला वाढायला जागाही नसते. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या टाइपाचे अभ्यासक आजही कौतुक करतात, ते याच बारीक निर्णयांच्या अचूकपणाबद्दल.

याहून महत्त्वाचा फरक आर्थिक होता. रोमनचा ठळक संच काही डझन खिळ्यांचा. देवनागरीच्या एका आकाराला शेकडो प्रकारचे खिळे लागतात. तेव्हा दुसरा संपूर्ण संच बाळगणे लहान छापखान्याला परवडण्याजोगे नव्हते, आणि जुळाऱ्याला दर ठळक शब्दासाठी हात दुसऱ्या केसकडे न्यावा लागे. परिणामी ठळक टाइप जपून वापरला जाई. संगणकाने हा अडसर काढून टाकला. आज ठळक करण्याला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही आणि विचारही करावा लागत नाही. ज्या टाइपाला स्वतंत्र ठळक रूप नाही त्यालाही संगणक रेघा फुगवून कृत्रिम जाडी देतो. मग पोटे बुजलेली जोडाक्षरे वाचकाने अंदाजाने वाचायची. स्लॅब सेरिफ रोमनला साजेल अशी, जाड-बारीक रेघांतील फरक कमी असलेली देवनागरी वळणे अलीकडे घडवली गेली आहेत. ‘कर्म’ हे त्यांपैकी एक. त्यांत वजनाची प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे आखलेली असते. पण चांगला टाइप उपलब्ध असणे आणि तो कोठे वापरावा हे कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आणखी एक अडचण आहे. रोमनमध्ये इटॅलिक आणि ठळक यांनी कामाची वाटणी केलेली असते : ग्रंथनाम, परका शब्द, बोलण्यातील आघात इटॅलिककडे, शोधण्याच्या खुणा ठळक अक्षराकडे. देवनागरीला इटॅलिकची स्वाभाविक परंपरा नाही. त्यामुळे एकट्या ठळक अक्षरावर ही सगळी ओझी पडतात. एकाच पानावर शीर्षक, अवतरण, संज्ञा, ग्रंथनाम आणि संपादकाची आवड हे सारे ठळक असेल, तर कोणता ठळकपणा कशाचा, हे वाचकाने ठरवायचे कसे?

५

संपादित ग्रंथांत दिसणारा ठळकपणा तीन प्रकारचा असतो असे म्हणता येईल. पहिला रचनात्मक : अध्यायाचे नाव, ओवीचा क्रमांक, पात्राचे नाव, कोशातील मुखशब्द. हा क्लॅरेंडनचा मूळ धर्म होय. त्याने वाचकाला वाट सापडते आणि संहितेच्या अर्थाला सहसा धक्का लागत नाही.

दुसरा भेददर्शक : मूळ आणि अर्थ, कवी आणि टीकाकार, हस्तलिखितातील पाठ आणि संपादकाने पुरवलेला पाठ यांतील फरक दाखवणारा. त्रिपाठी पोथी जे स्थानाने करीत होती, ते हा वजनाने करतो. तो उपयुक्त आहे; मात्र त्याचा संकेत प्रस्तावनेत सांगितलेला असला पाहिजे. कारण तो संकेत हरवला की संहिताच बदलते. जुन्या छापील ग्रंथांचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर होत आहे. युनिकोड अक्षराची ओळख नोंदवते, त्याचे वजन नोंदवत नाही. ज्या आवृत्तीत मूळ आणि पूरक शब्द यांत केवळ वजनाचा भेद होता, ती संगणकावर साध्या मजकुराच्या रूपात आली की संपादकाचे शब्द कवीच्या तोंडी जातात, आणि पुढचा अभ्यासक ते कवीचे म्हणून उद्धृत करतो. हा धोका काल्पनिक नाही; अशा रूपांतराच्या तांत्रिक स्वरूपातच तो अनुस्यूत आहे.

तिसरा प्रकार मूल्यदर्शक होय. येथे संपादक सलग मजकुरातील काही ओळी निवडतो आणि त्या ठळक करतो. अभंगाचे उदाहरण घेता येईल. अभंगाला शीर्षक नसते. त्याचा पहिला चरण वर ठळक छापला की त्याला शीर्षक असल्याचा भास होतो आणि उरलेला अभंग त्या चरणाचा विस्तार वाटू लागतो. समजा, शेवटची नाममुद्रा ठळक केली. तर अभंगाचा भार कवीच्या व्यक्तित्वावर सरकतो. समजा, मधला एक सुभाषितवजा चरण ठळक केला. तर अभंग हे उपदेशाचे वेष्टन ठरते. ही तीन वाचने आहेत. प्रत्येकाच्या बाजूने युक्तिवाद करता येईल, पण तो करावा लागेल. ठळक टाइप तो युक्तिवाद न करताच निष्कर्ष हाती देतो. अग्रलेखातील मत वाचक मत म्हणून वाचतो. ठळक चरण मात्र तो कवितेचा गुणधर्म म्हणून वाचतो. आक्षेप आहे तो या अदृश्यतेला.

याचा सर्वांत थेट परिणाम वर्गात दिसतो. नेमलेल्या संग्रहात ज्या ओळी ठळक असतात त्याच संदर्भासह स्पष्टीकरणासाठी येतात असे विद्यार्थी गृहीत धरतो, आणि मार्गदर्शिका त्या गृहीतकाला खतपाणी घालतात. मग कविता वाचली जात नाही, ती शोधली जाते. कोशातील शब्द शोधणारा डोळा आणि कविता वाचणारे मन यांतील अंतर पुसले जाते. ज्या साधनाने कोशाचा वाचक घडला, तेच साधन येथे कवितेचा वाचक मोडते. साहित्याच्या अध्यापनापुढील अडचणींची चर्चा करताना भाषेची घसरण, वाचनाचा कंटाळा, परीक्षापद्धती यांवर बोट ठेवले जाते. पानावरच्या या काळ्या ओळींकडे मात्र लक्ष जात नाही.

या भूमिकेवर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला सोयीचा : प्राचीन मराठीची भाषा दुर्बोध झाली असता विद्यार्थ्याला वाटेवर काही खुणा नकोत काय? खुणा अवश्य हव्यात. परंतु कठीण शब्दाचा अर्थ तळाशी देणे ही खूण आहे. कोणती ओळ महत्त्वाची हे आधीच सांगून टाकणे हा निवाडा आहे. निवाडा द्यायचा तर तो प्रस्तावनेत, कारणांसह आणि स्वतःच्या नावाने द्यावा. दुसरा आक्षेप असा की हा सारा विचार पाश्चात्त्य ग्रंथविद्येची उसनवारी आहे. याचे उत्तर पोथ्यांतच मिळते. तांबडी शाई कोठे वापरायची, हरताळ कोठे लावायचा, टीका कोठे मांडायची याविषयी आपल्या लेखनिकांचे संकेत होते आणि वाचणाऱ्यांना ते ठाऊक होते. उसने काही असेल तर ते ठळक अक्षर होय. ते घेतले याबद्दल तक्रार नाही. घेताना त्याच्या वापराचे संकेत निश्चित केले नाहीत, ही तक्रार आहे.

अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाचा (१९५८) आणि बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा (१९७१) पायाभूत अभ्यास करून ठेवला आहे. वाङ्मयाभ्यासाने त्याचा उपयोग बहुधा सनावळीपुरता केला. त्या पलीकडे जायचे तर काही साध्या गोष्टींपासून आरंभ करता येईल. प्रत्येक चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावनेत, पाठभेदांच्या संकेतांबरोबरच, टाइपाच्या वजनाचे संकेत एका परिच्छेदात नमूद व्हावेत : ठळक काय आहे, ते कोणी ठरवले, पूर्वीच्या आवृत्तीत ते कसे होते. एका ग्रंथात ठळक अक्षराला एकच काम असावे. मूल्यदर्शक ठळकपणा प्राथमिक संहितेतून वगळावा. जेथे कवीने स्वतः एखादा शब्द ठळक छापवला असेल, तेथे तो संहितेचाच भाग मानून समग्र आवृत्तीत जपावा. तो ‘सुधारण्या’चा अधिकार संपादकाला नाही. संगणकीय रूपांतर करणाऱ्यांनी वजनाचा भेद स्वतंत्र खुणेने नोंदवावा. आणि पाठचिकित्सेच्या अभ्यासपत्रिकेत एखाद्या ग्रंथाच्या दोन छापील आवृत्त्या शेजारी ठेवून त्यांतील केवळ दृश्य फरकांची नोंद करण्याचा एक स्वाध्याय असावा. त्यासाठी कोणत्याही खर्चिक साधनाची गरज नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील दोन प्रती पुरेशा आहेत.

क्लॅरेंडनच्या कर्त्यांनी आपल्या अक्षराची जबाबदारी त्याची कायद्याने नोंदणी करून घेतली होती. त्यांच्यापुढचा प्रश्न व्यापाराचा होता, मराठी संपादकापुढचा प्रश्न अर्थाचा आहे. ज्ञानेश्वरीच्या एखाद्या ओवीला काळी शाई अधिक देताना तो संपादक एक मत नोंदवीत असतो. त्या मताखाली त्याची सही असावी, एवढीच अपेक्षा आहे.